मुद्रक फ्रँकलिन, मुद्रक जावजी आणि आपल्या घरातील पोथ्या

बेंजामिन फ्रँकलिन हे नाव घेतले की आपल्या डोळ्यांसमोर वादळात पतंग उडवून विजेचा शोध घेणारा शास्त्रज्ञ येतो. इतिहासाचा विद्यार्थी त्यांना अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सही करणारा मुत्सद्दी म्हणून ओळखतो. परंतु मृत्युपत्र करताना फ्रँकलिन यांनी आपल्या नावापुढे जी ओळख सर्वांत आधी लिहिली, ती 'मुद्रक' अशी होती. फ्रान्सच्या दरबारातील वकिली आणि पेन्सिल्व्हेनिया राज्याचे अध्यक्षपद त्यानंतर आले. ज्या धंद्याने हात काळे केले त्या धंद्याचा अभिमान चौऱ्याऐंशी वर्षांच्या आयुष्याच्या शेवटापर्यंत टिकला, ही गोष्ट व्यापारी घरांनी विशेष ध्यानात घेण्याजोगी आहे.

आपल्या मुंबईतही याच धंद्याच्या अगदी खालच्या पायरीवरून वर आलेला एक पुरुष होऊन गेला. त्याने राज्यकारभार केला नाही आणि आकाशातली वीजही उतरवली नाही. पण त्याने पाडलेल्या अक्षरांतून आपल्या समाजाचे ग्रंथभांडार लोकांसमोर आले. ते म्हणजे काळबादेवीच्या कोलभाट गल्लीतील निर्णयसागर छापखान्याचे संस्थापक जावजी दादाजी. त्यांच्या छापखान्याची पुस्तके आजही आपल्यापैकी अनेकांच्या घरांत, जुन्या पेटीत किंवा माळ्यावर असतील. म्हणून या दोन मुद्रकांची चरित्रे एकत्र ठेवून पाहण्याचा हा प्रयत्न आहे.

बोस्टनचा शिकाऊ मुलगा

फ्रँकलिन यांचा जन्म १७ जानेवारी १७०६ रोजी बोस्टन येथे झाला. वडील मेणबत्त्या आणि साबण तयार करीत. सतरा भावंडांत बेंजामिन पंधरावे. शाळेचे शिक्षण जेमतेम दोन वर्षांचे. बाराव्या वर्षी ते थोरल्या भावाच्या छापखान्यात शिकाऊ म्हणून लागले.

सोळाव्या वर्षाच्या सुमारास एक पुस्तक वाचून त्यांनी मांसाहार सोडला. भाऊ त्यांच्या जेवणाचे पैसे दुसरीकडे भरत असे. त्यातील निम्मे आपल्याला द्यावेत, आपण आपली सोय पाहू, असे त्यांनी ठरवून घेतले, आणि त्या निम्म्यातूनही निम्मे वाचवून पुस्तके विकत घेतली. बाकीचे कामगार जेवायला गेले की हा मुलगा पावाचा तुकडा, मूठभर मनुका आणि पाणी यांवर भागवून छापखान्यातच वाचत बसे. हा नियम मात्र पुढे टिकला नाही. एका जलप्रवासात तळलेल्या माशांच्या वासाने त्यांचे मन डळमळले. मोठ्या माशाच्या पोटात लहान मासे निघालेले पाहून, ते जर एकमेकांना खातात तर मी त्यांना का खाऊ नये, असे समर्थन त्यांनी स्वतःसाठी शोधले. विशेष हे की आत्मचरित्रात हा प्रसंग त्यांनी लपवला नाही. मन आपल्या इच्छेला सोयीस्कर कारणे कशी शोधून देते, हे त्यांनी स्वतःलाच हसत सांगितले आहे. नियम घेणे आणि नियम पाळणे यांतील अंतर आपल्या श्रावकांना कोणी वेगळे सांगायला नको.

१७२३ मध्ये भावाशी न पटल्याने ते फिलाडेल्फियाला पळून गेले. पुढे तेथील एका छापखान्यात काम करताना खिळे कमी पडू लागले. अमेरिकेत त्या वेळी खिळे ओतणारा कारखाना नव्हता. सारे इंग्लंडहून येई. फ्रँकलिन यांनी लंडनमध्ये खिळे ओतताना पाहिले होते, तेवढ्या आठवणीवर त्यांनी स्वतः साचा तयार केला, असलेल्या अक्षरांचाच ठसा म्हणून उपयोग करून शिशात मातृका उमटवल्या आणि तूट भरून काढली. त्यांच्या पुढील सर्व शोधांचे बीज मला या प्रसंगात दिसते. अडलेले काम पाहून हातावर हात ठेवून बसणे त्यांच्या स्वभावात नव्हते.

१७२८ मध्ये त्यांनी भागीदारीत स्वतःचा छापखाना काढला. भागीदार बाहेर पडला तेव्हा दोन मित्रांनी आपण होऊन पैसे देऊ केले आणि धंदा वाचला. कागदाचे गठ्ठे ते स्वतः हातगाडीवर घालून भर रस्त्यातून दुकानात आणीत. कष्ट करणे पुरेसे नाही, धनकोला ते दिसलेही पाहिजेत, हे त्यांनी मोकळेपणाने लिहून ठेवले आहे. कर्जाचे अर्ज तपासण्यात माझी नोकरी गेली. पत म्हणजे काय हे इतक्या थोडक्यात सांगणारे दुसरे उदाहरण मला ठाऊक नाही.

पंचांग आणि वही

१७३२ च्या अखेरीस फ्रँकलिन यांनी 'पुअर रिचर्ड' या टोपणनावाने वार्षिक पंचांग छापण्यास आरंभ केला. त्यात चंद्राच्या कला, हवामान, भरती-ओहोटी ही माहिती असे. तारखांच्या मध्ये उरलेल्या मोकळ्या जागांत उद्योग, काटकसर आणि सचोटी यांवर चुटकेवजा वाक्ये असत. जे लोक दुसरे कोणतेही पुस्तक विकत घेत नसत, त्यांच्या घरात हे पंचांग पोहोचे. वर्षाला जवळजवळ दहा हजार प्रती खपत आणि हे पंचांग पंचवीस वर्षे चालले. १७५८ च्या अंकाच्या प्रस्तावनेत त्यांनी त्यातील निवडक विचार एका म्हाताऱ्याच्या भाषणात गुंफले, आणि तो छोटा लेख जगभर वाचला गेला.

त्यांचे दुसरे महत्त्वाचे लेखन म्हणजे १७७१ मध्ये लिहायला घेतलेले आणि अपुरे राहिलेले आत्मचरित्र. त्यात एका वहीचे वर्णन आहे. मिताहार, मौन, व्यवस्थितपणा, काटकसर, प्रामाणिकपणा, नम्रता असे तेरा गुण त्यांनी निवडले. प्रत्येक आठवड्यात एका गुणाकडे विशेष लक्ष द्यायचे आणि रोज रात्री, त्या दिवशी जो गुण ढळला असेल त्याच्यापुढे काळा ठिपका द्यायचा. तेरा आठवड्यांत एक आवर्तन, वर्षात चार. ठिपके वाटले होते त्याहून पुष्कळच निघाले, असे ते म्हणतात. आपल्या परंपरेत प्रतिक्रमण हे यासाठीच आहे. फ्रँकलिन यांना मोक्षमार्गाची ओळख नव्हती, पण दिवसाचा जमाखर्च रात्री मांडल्याशिवाय चूक हाती लागत नाही, हे त्या व्यापाऱ्याला नेमके कळले होते.

बेचाळिसाव्या वर्षी, १७४८ मध्ये, त्यांनी छापखाना भागीदाराच्या हाती सोपवला. अठरा वर्षे नफ्याचा निम्मा वाटा घ्यायचा असा करार करून ते धंद्याच्या रोजच्या कामातून मुक्त झाले. विजेवरील प्रयोग आणि पुढची सारी सार्वजनिक सेवा या निवृत्तीमुळे शक्य झाली. सभासदांच्या वर्गणीवर चालणारे ग्रंथालय तर त्यांनी १७३१ मध्येच काढले होते. कमी लाकडात अधिक ऊब देणाऱ्या त्यांच्या शेगडीचे एकाधिकारपत्र त्यांना देऊ केले असता त्यांनी ते नाकारले. दुसऱ्यांच्या शोधांचा लाभ आपण घेतो, तर आपल्या शोधाचा लाभ दुसऱ्यांना विनामूल्य द्यावा, ही त्यांची भूमिका होती.

अमेरिकन मिशनचा छापखाना, मुंबईची माणसे

आता आपल्या शहराकडे वळू. मुंबईत मराठी छपाईची जी पहिली शाळा म्हणता येईल ती योगायोगाने अमेरिकनांचीच होती. अमेरिकन मिशनचे पाद्री १८१३ मध्ये मुंबईत आले आणि काही वर्षांत त्यांनी छापखाना काढला. हेतू धर्मप्रचाराचा होता, पण त्या छापखान्यात खिळे पाडण्याची आणि छापण्याची विद्या शिकलेल्या मुंबईकरांनी तिचा उपयोग आपल्या ग्रंथांसाठी केला.

त्यांतील पहिले नाव गणपत कृष्णाजी यांचे. भंडारी समाजातील या गृहस्थांनी मिशनच्या छापखान्यातील काम पाहून स्वतःचा शिळाछापखाना उभारला आणि १८३१ मध्ये मराठी पंचांग छापले. तोवर पंचांगे हाताने लिहिली जात. फ्रँकलिनप्रमाणेच येथेही मुद्रकाची घराघरांत ओळख झाली ती पंचांगाने. पुढे गणपत कृष्णाजींनी खटपट करून खिळेही तयार केले. त्यांच्यापुढे आणखी एक अडचण होती. छपाईच्या शाईत प्राण्यांची चरबी असते म्हणून धर्मनिष्ठ लोक छापील पुस्तकाला शिवत नसत. गणपत कृष्णाजींनी धर्मग्रंथांसाठी तुपाची शाई तयार केली. ग्राहकाची श्रद्धा ही धंद्यातील अडचण मानून तिला हसण्याऐवजी तिचा मान राखून मार्ग काढणे, ही खरी व्यापारी बुद्धी होय.

त्याच अमेरिकन मिशनच्या छापखान्यात पुढे दहा वर्षांचा एक पोरका मुलगा कामाला लागला. १८३९ मध्ये गरीब मराठा कुटुंबात जन्मलेल्या जावजींचे वडील लवकर वारले होते. काम होते खिळे घासण्याचे, पगार महिना दोन रुपये. ओतलेला खिळा साच्यातून बाहेर निघतो तेव्हा त्याच्या कडा खरबरीत असतात. त्या घासून सपाट केल्या नाहीत तर ओळीत खिळा नीट बसत नाही आणि एक अक्षर वर, एक खाली असे उमटते. कंटाळवाणे आणि बोटे सोलवटणारे हे काम. पण केसाएवढ्या फरकाने छपाई बिघडते हा धडा हातांना मिळतो तो येथेच. पुढे जावजींनी टाइम्स ऑफ इंडिया आणि इंदुप्रकाश या छापखान्यांत नोकरी केली.

१८६४ मध्ये, पंचविसाव्या वर्षी, त्यांनी खिळे ओतण्याचा स्वतःचा कारखाना काढला. राणोजी रावजी आरू हे कुशल कारागीर त्यांच्या सोबतीला होते. देवनागरी खिळे पाडणे रोमन खिळ्यांपेक्षा कितीतरी कठीण. सव्वीस अक्षरांवर तेथे भागते. येथे काना, मात्रा, वेलांट्या, रफार, अनुस्वार आणि संस्कृतातील असंख्य जोडाक्षरे यांमुळे खिळ्यांची संख्या शेकड्यांनी मोजावी लागते. प्रत्येकासाठी पोलादावर उलटे अक्षर कोरून ठसा करायचा, तो तांब्यात ठोकून मातृका घ्यायची आणि तीत शिसे, अँटिमनी व कथील यांचा रस ओतायचा. अक्षराचे सौंदर्य सारे त्या पोलादावर कोरणाऱ्या हातात. ते कसब आरूंचे, आणि ते ओळखून त्याला कारखान्याची बैठक देण्याची दृष्टी जावजींची.

धंद्याच्या अंगाने पाहिले तर जावजींचा क्रम शिकण्यासारखा आहे. आधी त्यांनी इतर छापखान्यांना लागणारा माल तयार केला. त्यात जम बसल्यावर १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना काढला आणि पंचांग छापले. त्यानंतर ते प्रकाशनाकडे वळले. कच्च्या मालापासून पक्क्या मालापर्यंतची साखळी त्यांनी एकेक कडी जोडत पूर्ण केली. विनायक कोंडदेव ओक यांचे मुलांसाठीचे 'बालबोध' मासिक १८८१ पासून येथे छापले जाऊ लागले. १८८६ पासून पंडित दुर्गाप्रसाद आणि काशिनाथ पांडुरंग परब यांच्या संपादनाखाली 'काव्यमाला' निघू लागली. हस्तलिखितांत अडकलेले संस्कृत वाङ्मय शुद्ध आणि सुबक रूपात लोकांसमोर ठेवणे हे या मालेचे कार्य. निर्णयसागरच्या प्रती युरोपातील संस्कृत पंडितांच्या टेबलांवरही गेल्या. ज्याला शाळेचे शिक्षण फारसे मिळाले नाही, त्याच्या छापखान्याचे नाव शुद्धतेची खूण ठरले. जावजी १८९२ मध्ये वारले. त्यांच्यामागे तुकाराम जावजी आणि पांडुरंग जावजी यांनी काम पुढे चालवले.

आपल्यावरील ऋण

या छापखान्याशी आपले नाते काय, हे आता सांगायला हवे. त्या काळी आपल्या समाजातही छपाईला मोठा विरोध होता. शास्त्राची पाने छापून रस्तोरस्ती गेली की त्यांची आशातना होईल, यंत्रात अशुद्ध द्रव्यांचा स्पर्श होईल, अशी भीती होती. ती अनाठायी नव्हती. शाईच्या रुळांत सरस वापरला जाई. दुसरीकडे भांडारांतील ताडपत्रे आणि कागदी पोथ्या जीर्ण होत होत्या आणि सामान्य श्रावकाला त्यांचे दर्शन वर्षातून एखादे वेळीच घडे.

हा पेच सोडवण्यात मुंबईच्या श्रावकांनी पुढाकार घेतला. कच्छी प्रकाशक भीमसिंह माणेक यांनी १८७६ पासून 'प्रकरणरत्नाकर'चे मोठे भाग निर्णयसागरमध्ये छापून प्रसिद्ध केले. 'काव्यमाले'त हरिचंद्रांचे 'धर्मशर्माभ्युदय', वीरनंदींचे 'चंद्रप्रभचरित', वाग्भटांचे 'नेमिनिर्वाण' आणि सोमदेवसूरींचे 'यशस्तिलक' ही जैन काव्ये कालिदास-भवभूतींच्या परंपरेतील काव्यांच्या पंक्तीला बसली. मालेच्या सातव्या गुच्छकात तर भक्तामर, कल्याणमंदिर, एकीभाव, विषापहार ही स्तोत्रे एकत्र आली. संपादक आपल्या समाजाचे नव्हते आणि मालकही नव्हते. तरी या वाङ्मयाला संस्कृत साहित्यात त्याचे स्थान देताना त्यांनी हात आखडता घेतला नाही, हे आपण कृतज्ञतेने नमूद केले पाहिजे.

विसाव्या शतकात श्री सागरानंदसूरीश्वरजी महाराजांच्या प्रेरणेने आगमोदय समितीने टीकांसह आगमग्रंथ प्रसिद्ध केले. त्यांतील अनेक ग्रंथ निर्णयसागरमध्येच छापले गेले. त्यांचा आकार पाहण्यासारखा आहे. आडवी, लांबट, सुटी पाने, बांधणी नाही. यंत्रावर छापलेली, पण हातात घेतल्यावर पोथीच वाटावी अशी. दिगंबर परंपरेत शेठ माणिकचंद हिराचंद झवेरी यांच्या स्मृतिप्रीत्यर्थ निघालेल्या ग्रंथमालेचे काम गिरगावातील हिराबाग येथून पंडित नाथूराम प्रेमी यांनी वाहिले. म्हणजे गिरगाव आणि काळबादेवी यांमधील चालत जाण्याजोग्या अंतरात दोन्ही परंपरांचे वाङ्मय छापील रूपात आले.

सारखे भांडवल, वेगळे फळ

आता फ्रँकलिन यांच्या मृत्युपत्राकडे पुन्हा जाऊ. १७ एप्रिल १७९० रोजी ते वारले. बोस्टन आणि फिलाडेल्फिया या दोन नगरांना त्यांनी प्रत्येकी हजार पौंड ठेवले होते. त्यातून शिकाऊ काळ पूर्ण केलेल्या, पंचविशीच्या आतील विवाहित कारागिरांना पंधरा ते साठ पौंड कर्ज द्यायचे, व्याज पाच टक्के, दोन जामीन, दहा वर्षांत परतफेड. तरुणपणी मित्रांच्या कर्जाने आपण उभे राहिलो, ते ऋण अशा रीतीने फेडावे हा त्यांचा हेतू होता. ही योजना दोनशे वर्षांची होती. शंभर वर्षांनी काही भाग लोकोपयोगी कामांवर खर्च करायचा आणि उरलेला पुन्हा वाढू द्यायचा. १९९० मध्ये मुदत संपली तेव्हा फिलाडेल्फियाच्या निधीत सुमारे वीस लाख डॉलर होते, तर बोस्टनच्या निधीत त्याच्या दुपटीहून अधिक. मूळ रक्कम तीच, अटी त्याच, मुदत तीच. मधल्या दोनशे वर्षांत ज्यांच्या हाती ती ठेव होती, त्यांच्या व्यवस्थेत फरक पडला.

जावजी आणि त्यांच्याकडे ग्रंथ छापून घेणारे आपले पूर्वज यांनीही अशीच एक ठेव मागे ठेवली आहे. ती बँकेत नसून आपल्या घरांत आहे. गिरगाव, लालबाग, परळ, दादर येथील जुन्या चाळी आणि वाडे पुनर्विकासासाठी रिकामे होत आहेत. पन्नास-साठ वर्षांचे सामान चार दिवसांत आवरायचे असते. त्या धांदलीत आजोबांची पेटी उघडली जाते, पिवळी पडलेली पाने दिसतात, आणि नव्या सदनिकेत जागा नाही म्हणून ती रद्दीत जातात. ज्या आशातनेच्या भीतीने पूर्वजांनी छपाईला विरोध केला, ती शेवटी आपल्या हातून घडते. छापखान्याचा यात काही दोष नाही.

यावर उपाय फार खर्चाचा नाही. पुस्तक टाकण्यापूर्वी मुखपृष्ठ आणि शेवटचे पान वाचावे. निर्णयसागर, कोलभाट लेन, काव्यमाला, आगमोदय समिती, हिराबाग यांपैकी एखादे नाव आणि जुना शक किंवा संवत दिसला तर ते बाजूला ठेवावे. फाटलेल्या पानांना चिकटपट्टी लावू नये. तिचा डाग कागद खातो. सुती कापडात गुंडाळून कोरड्या जागी ठेवावे आणि अधूनमधून सावलीत वारा द्यावा. सुट्या पानांच्या पोथीचा क्रम मोडू देऊ नये. घरात वाचणारे कोणी नसेल तर उपाश्रयाच्या किंवा मंदिराच्या ज्ञानभांडाराला विचारावे. मराठी पुस्तकांसाठी १८९८ मध्ये स्थापन झालेले मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय दादर येथे आहे. देण्यापूर्वी ग्रंथांची यादी करून न्यावी, म्हणजे स्वीकारणाऱ्यालाही सोयीचे होते.

यासाठी दिवसही परंपरेने नेमून दिलेला आहे. कार्तिक शुद्ध पंचमी ही आपल्या अनेक व्यापारी घरांत लाभपंचमी असते. दिवाळीनंतर पेढी उघडून नव्या वहीत पहिली नोंद त्या दिवशी होते. तीच तिथी ज्ञानपंचमी. पावसाळ्याची ओल धरलेल्या पोथ्या बाहेर काढून, पुसून, नवे वेष्टन घालून पुन्हा ठेवण्याचा तो दिवस. दिगंबर बंधूंसाठी ज्येष्ठ शुद्ध पंचमीला श्रुतपंचमी आहे. यंदा त्या दिवशी नव्या वहीचे पूजन झाले की माळ्यावरची पेटीही खाली काढावी. दोन रुपये पगारावर खिळे घासणाऱ्या मुलाच्या छापखान्याचे एखादे पान तीत निघाले, तर ते घरातल्या मुलांच्या हाती द्यावे आणि त्यावरची अक्षरे त्यांच्याकडून मोठ्याने वाचून घ्यावीत.